पाणी आणि पहारा : सिसिलीच्या फळबागांचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला येणारा श्रोता राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरून येतो. त्याच्यापुढे लिंबू, नारिंग, पिस्ता आणि निवडुंगाची बोंडे मांडली, तर आपण चुकून शेतकी प्रदर्शनात आलो की काय, अशी शंका त्याला येणे साहजिक आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजाला एका दिवसात राज्य जिंकता येते; फळबाग मात्र कोणत्याही राजाला एका दिवसात उभी करता येत नाही. लिंबाचे रोप लावल्यापासून त्याचे भरघोस उत्पन्न हाती येईपर्यंत सात-आठ वर्षे जातात. या काळात पाणी वेळेवर मिळाले पाहिजे, कुंपण शाबूत राहिले पाहिजे, आणि आज जो खर्च करतो त्याच्याच पदरात उद्या फळ पडेल, अशी खात्री असली पाहिजे. म्हणून एखाद्या प्रदेशातील बागा केव्हा बहरल्या आणि केव्हा ओसाड पडल्या हे पाहिले, म्हणजे तेथे माणसाचा माणसावर आणि राज्यावर किती भरवसा होता, याचा अंदाज बांधता येतो. या दृष्टीने भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट जे सिसिली, त्याचा इतिहास आज आपण पाहू.

जिरायत आणि बागाईत

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या बुटाच्या टोकापुढे जे त्रिकोणी बेट आहे ते सिसिली. क्षेत्रफळ सुमारे पंचवीस हजार चौरस किलोमीटर. पूर्वेला एटना हा धगधगता ज्वालामुखी. मध्यभागी उघड्या टेकड्या. आणि किनाऱ्याला लागून सुपीक मैदाने. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, तर तेथे तो हिवाळ्यात पडतो. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आकाश कोरडे असते. झाडाला ज्या वेळी सर्वांत अधिक तहान लागते, नेमके त्याच वेळी पाणी नसते.

यामुळे त्या बेटावरील फळझाडांचे दोन वर्ग पडतात. द्राक्ष, ऑलिव्ह, अंजीर, बदाम ही झाडे मुळे खोल नेऊन उन्हाळा सोसतात. ती जिरायतीची झाडे. नारिंग आणि लिंबू यांना मात्र उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या द्याव्याच लागतात. ती बागाईतीची झाडे. पहिल्या वर्गाला कष्टाळू शेतकरी पुरतो. दुसऱ्या वर्गाला शेतकऱ्याबरोबर पाट, हौद, पाळीचे नियम आणि ते नियम पाळले जातील अशी व्यवस्था लागते. सिसिलीच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचे मूळ या फरकात आहे.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात ग्रीक लोकांनी येथे वसाहती केल्या. ग्रीकांचा भर द्राक्षावर आणि ऑलिव्हवर होता. त्यांच्यामागून आलेल्या रोमला मात्र फळांपेक्षा गव्हाची गरज अधिक होती. रोमच्या जनतेचे पोट भरणारे कोठार म्हणजे सिसिली, अशी या बेटाची ख्याती झाली, आणि कोठाराच्या वाट्याला जे येते तेच त्याच्या वाट्याला आले. व्हेरिस नावाच्या सुभेदाराने बेटाची जी लूट केली, तिच्याबद्दल सिसेरोने ख्रिस्तपूर्व ७० मध्ये त्याच्यावर खटला चालविला, हे प्रसिद्धच आहे. मोठमोठ्या जमीनदाऱ्या आणि त्यांवर राबणारी परकी माणसे ही जी गव्हाची घडी रोमच्या काळात बसली, तिचे अवशेष बेटाच्या अंतर्भागात विसाव्या शतकापर्यंत टिकून होते.

नारिंगाचा प्रवास

इसवी सन ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून निघालेले अरब सैन्य माझारा येथे उतरले. त्याचा नायक असद इब्न अल्-फुरात हा पेशाने सेनापती नव्हता. तो धर्मशास्त्राचा पंडित होता. ८३१ मध्ये पालेर्मो पडले, ८७८ मध्ये सिराकूज पडले, आणि ९०२ मध्ये तावोर्मिना घेतल्यावर हा विजय पुरा झाला. तलवारीच्या मागोमाग जे आले ते अधिक टिकाऊ होते. कडू नारिंग, लिंबू, ऊस, खजूर, तुती, कापूस, वांगे यांची लागवड अरबांच्या काळात बेटावर रुजली. यांपैकी सर्वच वनस्पती नवीन होत्या असे नाही. महाळुंग रोमन लोकांना ठाऊक होते, आणि कोणते झाड नेमके केव्हा आले यावर विद्वानांत आजही वाद आहे. परंतु उन्हाळ्यात पाणी देऊन बाग जगविण्याची विद्या त्या काळात बेटावर पसरली, याची साक्ष तेथील भाषाच देते. सिसिलीचा शेतकरी हौदाला ‘गेब्बिया’ म्हणतो, पाटाला ‘साइया’, रहाटगाडग्याला ‘सेनिया’ आणि नारिंगाच्या फुलाला ‘झागारा’. हे चारही शब्द अरबी आहेत. राज्ये गेली, धर्म बदलला, पण पाण्याचे शब्द बदलले नाहीत.

आपणांस विशेष कौतुक वाटावे अशी गोष्ट याच्याही मागे आहे. संस्कृतातील नारंग फारसीत तसाच राहिला, अरबीत नारंज झाला आणि इटालियनमध्ये अरान्चा झाला. आपण लिंबू म्हणतो. इराणी मनुष्य लीमू म्हणतो, अरब लैमून आणि इटालियन लिमोने. हिंदुस्थान आणि त्याच्या पूर्वेकडील प्रदेश ही या फळांची मायभूमी. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे महाळुंग आहे, त्याच्याच कुळातील ही मंडळी. गोड नारिंग मात्र युरोपात बरेच पुढे, पंधराव्या-सोळाव्या शतकांत पसरले. त्याच्या प्रसारात पोर्तुगीजांचा वाटा एवढा मोठा, की सिसिलीच्या बोलीत नारिंगाला ‘पोर्तुगाल’वरून आलेले नाव आहे.

इब्न हौकल नावाचा बगदादकडील प्रवासी ९७३ च्या सुमारास पालेर्मोत आला. शहराभोवतीचे झरे, पाणचक्क्या, बागा आणि असंख्य मशिदी यांचे वर्णन त्याने केले आहे. गावकऱ्यांविषयी मात्र त्याचे मत फारसे बरे नव्हते. हे लोक कच्चा कांदा फार खातात आणि त्यामुळे यांची बुद्धी मंद झाली आहे, असा निकाल त्याने दिला. आज सिसिलीत नारिंगाच्या फोडी, मीठ, ऑलिव्हचे तेल आणि कच्चा कांदा यांची कोशिंबीर आवडीने खातात. प्रवाशाच्या शापाचा गावाच्या जिभेवर काही परिणाम झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अकराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी बेट जिंकले. पालेर्मो १०७२ मध्ये त्यांच्या हाती आले. या ख्रिस्ती राजांनी अरबी माळी, अरबी कारकून आणि अरबी बागा तशाच राखल्या. पालेर्मोतील झिसा हा राजवाडा ११६५ च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या दिवाणखान्यातून पाण्याचा पाट खेळविलेला आहे, आणि ‘झिसा’ हे नावही अरबी ‘अझीझा’वरून आलेले आहे. परंतु हा समन्वय टिकला नाही. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने बंडखोर मुसलमान प्रजेला बेटावरून उचलून इटलीतील लुचेरा येथे नेऊन वसविले. त्यानंतर काय झाले पाहा. १२३९ मध्ये याच सम्राटाला सीरियाच्या किनाऱ्यावरील आपल्या अधिकाऱ्याला पत्र लिहावे लागले, की साखर करण्यात वाकबगार असलेली दोन माणसे शोधून पालेर्मोला पाठवा, म्हणजे येथे ती कला बुडणार नाही. ऊस बेटावरच होता, जमीन होती, पाणी होते; जाणते हात तेवढे निघून गेले होते.

लिंबाचे सोने

आता पाच शतके ओलांडून पुढे जाऊ. १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी वैद्याने स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. त्यांपैकी दोघांना नारिंगे आणि लिंबे दिली होती, आणि ते दोघे झपाट्याने बरे झाले. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ उजाडले. त्यानंतर सिसिलीच्या लिंबाला समुद्रावर मागणी आली. हे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबू नव्हे. ते मोठे आणि जाड सालीचे, ईडलिंबाची आठवण करून देणारे असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आरमाराने वेस्ट इंडीजमधील बारीक लिंबाचा, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीचा, रस घेण्यास सुरुवात केली. त्यातील गुण कमी पडला आणि १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत स्कर्व्हीने पुन्हा डोके वर काढले.

खलाशांच्या मागून लंडन आणि न्यूयॉर्क येथील गिऱ्हाईक आले. १८३४ मध्ये सिसिलीतून चार लाखांहून अधिक पेट्या लिंबे निर्यात झाली. १८५० पर्यंत हा आकडा साडेसात लाखांवर गेला. आणि १८८० नंतरच्या दशकाच्या मध्यास एकट्या न्यूयॉर्क बंदरात वर्षाला पंचवीस लाख पेट्या इटालियन लिंबू-नारिंग उतरू लागले. त्यांतील बहुतेक माल पालेर्मोचा असे. पालेर्मोभोवती डोंगरांनी वेढलेले जे मैदान आहे त्याला ‘कोन्का दोरो’, म्हणजे सोन्याची वाटी, म्हणतात. १८६० च्या सुमारास येथील लिंबूबागा युरोपातील सर्वांत किफायतशीर शेतजमिनींत गणल्या जात. पॅरिसच्या आसमंतातील फळबागाही त्यांच्यामागे पडत.

परंतु याच बागेइतकी असहाय मालमत्ताही दुसरी नाही. गहू चोरावयाचा तर तो कापावा लागतो, मळावा लागतो, वाहून न्यावा लागतो. लिंबे एका रात्रीत तोडून नेता येतात. त्याहून वाईट म्हणजे, भर उन्हाळ्यात कोणी पाटाचे दार बंद केले किंवा पंप बिघडविला, तर अनेक वर्षांची मेहनत काही दिवसांत वाळून जाते. म्हणून प्रत्येक बागेला उंच दगडी भिंत, भिंतीला दार, दारावर रखवालदार आणि पाण्यावर पाणीवाटप करणारा माणूस, अशी व्यवस्था झाली. १८६० मध्ये गॅरिबाल्डी आला, बेट नव्या इटलीत सामील झाले. परंतु नव्या राज्याचे पोलीस लोकांना परके होते, न्यायालये दूर होती आणि कायदा कागदावर होता. राज्य जो भरवसा देऊ शकत नव्हते, तो विकावयास दुसरा कोणी तरी पुढे येणार, हे उघड होते.

डॉक्टर गालाती यांची बाग

हे कसे घडले याची एक हकिकत सरकारी दप्तरात राहिली आहे. गास्पारे गालाती हे पालेर्मोतील शस्त्रवैद्य. १८७२ मध्ये शहराच्या वेशीजवळील एका बागेचा कारभार त्यांच्या मुलींच्या वारशामुळे त्यांच्याकडे आला. बाग सुमारे दहा एकरांची, लिंबांची आणि मँडरिन संत्र्यांची. तीत पाण्यासाठी त्या काळी नवलाचा वाटणारा वाफेचा पंप होता. आधीचे मालक म्हणजे त्यांचे मेहुणे. धमकीची पत्रे येऊ लागल्यावर ते हृदयविकाराने वारले होते, आणि ती पत्रे बागेच्या रखवालदारानेच दुसऱ्याकडून लिहवून घेतली होती, हे त्यांना मरणापूर्वी कळून चुकले होते. हा रखवालदार विक्रीच्या रकमेतून पाचवा-चौथा हिस्सा परस्पर काढून घेई. पंपाचा कोळसादेखील चोरी. झाडावर असतानाच ज्या पिकाचा सौदा झालेला असे, त्यातील लिंबे तो नाहीशी करी; म्हणजे व्यापाऱ्यांत बागेचे नाव खराब व्हावे, मालक टेकीस यावा आणि बाग मातीमोलाने आपल्याला मिळावी.

डॉक्टरांनी त्याला काढून टाकले. २ जुलै १८७४ रोजी नवा रखवालदार बागेकडे येणाऱ्या अरुंद वाटेवर पाठीत गोळ्या लागून पडला आणि मेला. पोलिसांनी दोन भलतीच माणसे धरली आणि सोडून दिली. धमकीची पत्रे सुरू झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या रखवालदारावरही गोळ्या झाडण्यात आल्या. तो मरणाच्या दारात असताना त्याने मारेकऱ्यांची नावे सांगितली. बरा होताच जबानी मागे घेतली. तेव्हा डॉक्टर घरदार, बाग आणि रोगी सोडून बायकामुलांसह नेपल्सला निघून गेले आणि ऑगस्ट १८७५ मध्ये त्यांनी गृहमंत्र्यांकडे सविस्तर निवेदन पाठविले. जवळच्या उदितोरे या जेमतेम आठशे वस्तीच्या गावात १८७४ या एका वर्षात निदान तेवीस खून झाले, असे त्यात नमूद आहे. ज्या टोळीला पुढे जगाने माफिया या नावाने ओळखले, तिच्या आरंभकाळाच्या कागदपत्रांत या निवेदनाला फार महत्त्व आहे.

१८७६ मध्ये लेओपोल्दो फ्रांकेत्ती आणि सिद्नी सोन्निनो हे दोन तरुण अभ्यासक बेटावर हिंडले. फ्रांकेत्तीच्या निरीक्षणाचा इत्यर्थ असा, की येथे दांडगाई हा एक धंदा झाला आहे. त्याला भांडवल आहे, श्रमविभाग आहे आणि गिऱ्हाईकही आहे. २०१७ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या सरकारी चौकशीतील माहिती तपासली. जेथे लिंबू-नारिंगाची लागवड अधिक, तेथे माफियाचा शिरकावही अधिक, असे त्यांना आढळले. आता हे खरे, की एका फळावर एवढ्या मोठ्या पापाचे खापर फोडणे योग्य नव्हे. गंधकाच्या खाणी, १८९३ चा दुष्काळ, त्या वेळच्या शेतकरी चळवळीला दडपण्यासाठी जमीनदारांनी भाड्याने घेतलेले गुंड, अशी अन्य कारणेही विद्वानांनी दाखविली आहेत. लिंबाला रखवालदार हवा होता यात गैर काहीच नाही. रखवालदाराच्या डोक्यावर कोणी नव्हते, ही खरी अडचण होती.

लिंबाचे हे सोने पुढे उतरले, ते मात्र गुंडांमुळे नव्हे. कॅलिफोर्नियाच्या बागा फळाला आल्या आणि अमेरिकेने जकाती वाढविल्या. लिंबाच्या रसातील आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये वेगळे केले होते, आणि ते बनविण्यासाठी लागणारा माल जगाला सिसिली पुरवीत असे. १९१७ मध्ये जेम्स करी याने साखरेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीपासून तेच आम्ल तयार करता येते हे दाखविले. १९१९ पासून अमेरिकेत त्याचे उत्पादनही सुरू झाले, आणि त्या व्यापाराचा कणा मोडला. तोपर्यंत लिंबांच्याच जहाजांच्या वाटेने हजारो सिसिलियन माणसे न्यू ऑर्लिन्स आणि न्यूयॉर्कला जाऊन पोहोचली होती.

पाण्यावाचून पिकणारी फळे

बागाईतीची ही कथा सांगताना जिरायतीला विसरता कामा नये. एटनाच्या पश्चिम उतारावर ब्रोन्ते नावाचे गाव आहे. तेथे लाव्ह्याच्या काळ्या खडकात, फटीफटीत, पिस्त्याची झाडे उभी आहेत. नर झाड वेगळे, मादी वेगळे; दोन्ही जवळ नसतील तर फळ नाही. शेतकरी एक वर्ष पीक घेतो आणि दुसऱ्या वर्षी कळ्या खुडून झाडाला विश्रांती देतो. हा हिरवा पिस्ता जगात नावाजलेला आहे. पण या गावाची जमीन १७९९ मध्ये नेपल्सच्या राजाने इंग्रज सेनापती नेल्सनला इनाम देऊन टाकली. १८६० मध्ये गॅरिबाल्डी जमीन वाटणार या आशेने गावकरी उठले आणि त्यांनी खून-जाळपोळ केली. तेव्हा त्याचाच सरदार निनो बिक्सियो याने पाच जणांना घाईच्या न्यायाने गोळ्या घातल्या. नेल्सनच्या वारसांकडून ही मालमत्ता ब्रोन्तेच्या नगरपालिकेकडे आली ती १९८१ मध्ये.

दुसरे फळ आपल्या बांधावरचे. निवडुंगाच्या बोंडाला इटलीत ‘फीको दिंदिया’, म्हणजे हिंदुस्थानचे अंजीर, म्हणतात. वास्तविक ते मेक्सिकोचे. कोलंबसाने अमेरिकेला हिंदुस्थान समजण्याची जी चूक केली, तिचे हे फळ. आपल्याकडेही ते परदेशातूनच आले. आपण त्याचे कुंपण केले. सिसिलीच्या शेतकऱ्याने त्याची शेती केली. जूनच्या सुमारास तो पहिली फुले काठीने झोडून पाडतो. झाड चिडल्यासारखे पुन्हा फुलते, आणि शरद ऋतूत जी बोंडे येतात ती मोठी, रसाळ आणि कमी बियांची असतात. शेजाऱ्याच्या शेताचा सूड घेण्यासाठी कोणी त्याची फुले झोडली आणि त्यातून ही युक्ती सापडली, अशी लोककथा आहे.

एटनाच्या पायथ्याशी आतून लाल निघणारे नारिंग होते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा मिळाला, तरच त्याला तो रंग चढतो. आणि ज्या फळाला झाड लागत नाही तेही सिसिलीत आहे. बदामाचे पीठ आणि साखर यांची हुबेहूब नारिंगे, अंजिरे, बोंडे घडवून ती नोव्हेंबरच्या २ तारखेला, पितरांच्या दिवशी, मुलांना देतात. ‘मार्तोराना’ हे त्या मिठाईचे नाव पालेर्मोतील ज्या मठाच्या जोगिणी ती करीत त्यावरून पडले.

भिंतीच्या आत आणि बाहेर

दुसऱ्या महायुद्धानंतर सोन्याची वाटी फुटली. १९५० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत पालेर्मोच्या लिंबूबागा तोडून तेथे सिमेंटच्या चाळी उभ्या राहिल्या. साल्वो लिमा नगराध्यक्ष आणि वितो चान्चिमिनो बांधकाम खात्याचे प्रमुख असताना बांधकामाचे हजारो परवाने मूठभर नावांवर निघाले; त्यांत ज्यांचा बांधकामाशी सुतराम संबंध नव्हता असे पेन्शनरही होते. या प्रकाराला इतिहासात ‘पालेर्मोची लूट’ हे नाव पडले आहे. जे पूर्वी बागेवर पहारा करीत होते त्यांनाच आता बाग नकोशी झाली. कारण लिंबापेक्षा विटेला भाव अधिक होता.

शहराच्या पूर्वेस चाकुल्ली नावाचे उपनगर आहे. तेथे १९४० नंतरच्या दशकात मँडरिनची एक उशिरा पिकणारी, पातळ सालीची, अतिशय गोड जात आपोआप निपजली. याच गावी ३० जून १९६३ रोजी बॉम्बने भरलेल्या मोटारीचा स्फोट होऊन सात पोलीस आणि लष्करी जवान मारले गेले. या बागांचा धनी असलेल्या मिकेले ग्रेको या टोळीप्रमुखाला १९८७ मध्ये पालेर्मोच्या मोठ्या खटल्यात शिक्षा झाली. गुन्हेगारी टोळीची मालमत्ता जप्त करता यावी असा कायदा पिओ ला तोरे यांनी सुचविला होता. ३० एप्रिल १९८२ रोजी त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो कायदा मंजूर झाला. १९९६ मध्ये, दहा लाख नागरिकांच्या सह्यांच्या अर्जानंतर, अशी जमीन लोकोपयोगी कामाला द्यावी असा दुसरा कायदा आला. आज सिसिलीत जप्त जमिनींवर सहकारी संस्था द्राक्षे, ऑलिव्ह, नारिंगे पिकवितात. आणि चाकुल्लीतील एका जप्त बागेत, टोळ्यांनी ज्यांचे प्राण घेतले त्यांच्या नावाने झाडे राखली आहेत.

मात्र ही लढाई संपली असे समजू नये. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकूजजवळ ४८.८ अंश सेल्सिअस उष्णता नोंदली गेली. युरोपात एवढी उष्णता पूर्वी नोंदलेली नव्हती. २०२४ च्या अवर्षणात पेर्गुसा हे सरोवर आटून गेले. किनाऱ्यावरील काही शेतकरी आता लिंबाच्या जागी आंबा आणि ॲव्होकॅडो लावू लागले आहेत. नारंग आणि लिंबू ज्या दिशेने गेले, त्याच दिशेने हजार वर्षांनी आंबाही जाऊन पोहोचला, याचा आपल्याला अभिमान वाटेल. पण आंब्यालाही उन्हाळ्यात पाणी लागते. आटत चाललेल्या झऱ्यांची पाळी कोणी ठरवावयाची, आणि ती ठरविणाऱ्यावर कोणी लक्ष ठेवावयाचे, हा डॉक्टर गालाती यांच्या वेळचा प्रश्न त्या बेटापुढे आज पुन्हा उभा आहे. त्याचे उत्तर एकट्या शेतकऱ्याला देता येणार नाही. भिंत कितीही उंच बांधली, तरी पाणी भिंतीच्या बाहेरूनच यावयाचे असते.